परत आलेला जॅक आणि त्याचे नाव

गावचा चांभार जुन्या गिऱ्हाइकाचा लाकडी साचा फळीवरून काढतो आणि समोर बसलेल्या माणसाच्या पायाशी ताडून बघतो. माप जुळत नाही. युद्धावर गेला तेव्हा जॅक सॉमर्सबीचे पाऊल मोठे होते, परत आला तेव्हा ते लहान झालेले आहे. ‘सॉमर्सबी’ या १९९३ च्या अमेरिकन चित्रपटातला हा प्रसंग पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेला नाही. १५६० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एका चांभाराने न्यायाधीशांसमोर अशीच साक्ष दिली होती. मार्टिन गेरचा बूट आपण बारा मापाचा करत होतो, या माणसाला नऊ मापाचा बसतो, असे त्याने सांगितले. चारशे तीस वर्षे आणि एक महासागर ओलांडून ते माप हॉलिवूडमध्ये पोचले.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेतले यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) संपले आहे. टेनेसी राज्यातल्या व्हाइन हिल गावचा जमीनदार जॅक सॉमर्सबी युद्धावर गेला तो कित्येक वर्षे परतलेला नाही. बायको लॉरेल लहान मुलाला घेऊन एकटीने शेत सांभाळते आहे. ओळखीतला ऑरिन मीचम तिच्या अडीअडचणीला धावून येतो, आणि आज ना उद्या हिच्याशी आपले लग्न होईल अशी आस धरून असतो. तेवढ्यात एक दिवस जॅक परत येतो. गेलेला जॅक तुसडा, बायकोशी वाईट वागणारा होता. आलेला जॅक मुलाला होमरचे महाकाव्य वाचून दाखवतो, बायकोशी मायेने बोलतो, गावाच्या चार पैशांचा विचार करतो. हा तोच आहे का, ही शंका पहिल्या अर्ध्या तासातच प्रेक्षकाच्या मनात शिरते. जॅकच्या भूमिकेत रिचर्ड गेर, लॉरेल जोडी फॉस्टर, ऑरिन बिल पुलमन आणि दिग्दर्शक जॉन एमिएल.

मूळ घटना मात्र अमेरिकेतली नव्हे, प्रेमकथा तर त्याहून नव्हे. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आर्तिगा नावाचे खेडे आहे. तिथे गेर हे कुटुंब १५२७ च्या सुमारास बास्क प्रदेशातून येऊन स्थायिक झाले. त्यांच्या मार्टिनचे लग्न बर्त्रांद द रोल्स या मुलीशी झाले तेव्हा दोघेही अगदी कोवळ्या वयाची होती. आठ वर्षे मूल झाले नाही. कुणीतरी करणी केली आहे असे ठरले, धार्मिक उपाय झाले आणि मग एक मुलगा झाला. १५४८ मध्ये मार्टिनने बापाच्याच कोठारातले थोडे धान्य चोरले. बास्क घरात बापाकडे चोरी म्हणजे तोंड दाखवायची सोय उरत नाही. तो बायको, तान्हे मूल आणि वारसाहक्काची जमीन सोडून निघून गेला. स्पेनमध्ये एका कार्डिनलच्या घरी चाकरीला राहिला आणि पुढे स्पेनच्या सैन्यात शिरला.

१५५६ मध्ये एक माणूस आर्तिगाला येऊन म्हणाला, मी मार्टिन. त्याला नातेवाइकांची नावे ठाऊक होती, जुने प्रसंग आठवत होते, गावकऱ्यांशी पूर्वी झालेली बोलणीसुद्धा तो सांगत होता. मार्टिनच्या चारही बहिणींनी त्याला भाऊ म्हणून घरात घेतले. बर्त्रांदने नवरा म्हणून घेतले. तीन वर्षांहून अधिक काळ संसार झाला, दोन मुली झाल्या, त्यांतली एक जगली. हा माणूस खरा आर्नो द्यु तिल, सजास या गावचा, ‘पान्सेत’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, गोडबोल्या आणि अफाट स्मरणशक्तीचा. मार्टिनच्या दोन परिचितांनी त्याला चुकून मार्टिन म्हणून हाक मारली आणि तिथून त्याने हळूहळू एका परक्या माणसाचे आयुष्य गोळा करायला सुरुवात केली, अशी हकिकत खटल्याच्या कागदांत आहे.

गावाला त्याचा संशय आला तो चेहऱ्यावरून नाही. त्याने चुलत्याकडे, पिएर गेरकडे, आपल्या गैरहजेरीतल्या वहिवाटीचा हिशेब मागितला आणि वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे विकायला काढले. तेव्हा चुलत्याचे डोळे उघडले. हा पिएर बर्त्रांदच्या विधवा आईशी लग्न करून तिचा सावत्र बापही झाला होता, म्हणजे दोन्ही घरांच्या नाड्या त्याच्या हाती. तोपर्यंत ज्याला त्याने पुतण्या म्हणून मिठी मारली, तो हिशेब मागताच तोतया ठरला. गावातून जाणाऱ्या एका शिपायानेही सांगितले, की खऱ्या मार्टिनचा पाय सँ-काँताँच्या लढाईत गेला आहे.

रियू या गावी खटला उभा राहिला तेव्हा सुमारे दीडशे साक्षीदार आले. यांतला मोठा भाग कोणता, हे फार बोलके आहे. पन्नासच्या आत लोक म्हणाले हा मार्टिन नव्हे, तीस-चाळीस म्हणाले हाच मार्टिन, आणि साठेक जणांनी सांगितले की आम्हाला ठरवता येत नाही. मार्टिन उंच, सडपातळ, सावळा होता, हा बुटका आणि दणकट. पण कपाळावरचा व्रण, हातावरचे चामखीळ, डोळ्यातला रक्ताचा ठिपका हेही लोकांनी दाखवले. याला बास्क भाषा येत नाही, असेही कुणी म्हणाले. तुलना करायला गावात मार्टिनचे चित्र नव्हते. हस्ताक्षर ताडावे, तर मार्टिनला लिहिताच येत नव्हते. त्या काळी खेडेगावात माणसाची ओळख पटवायची म्हणजे शेजाऱ्यांच्या आठवणीवर विसंबायचे, आणि आठवणीत आठ वर्षांत किती भर पडते व किती गळते, हे त्या साठ जणांनी प्रामाणिकपणे कबूल केले.

रियूने देहदंड सुनावला. आर्नोने तुलूजच्या वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. तिथे खटल्याचा अहवाल जाँ द कोरास या विद्वान न्यायाधीशाकडे होता आणि त्याचे मत आरोपीच्या बाजूने झुकत चालले होते. बहिणी त्याला भाऊ म्हणतात, बायकोने त्याच्याबरोबर वर्षे काढली आहेत, चुलत्याला त्याला गुंतवण्याचे उघड कारण आहे. निकाल त्याच्या बाजूने लागणार, अशी वेळ आली आणि लाकडी पायाचा एक माणूस न्यायालयात येऊन उभा राहिला. खरा मार्टिन परतला होता. गंमत अशी की जुन्या प्रसंगांच्या प्रश्नोत्तरांत तोतयाची उत्तरे खऱ्यापेक्षा सफाईदार आली. तरी बहिणींनी लाकडी पायाच्या माणसाकडे बघितले आणि रडू लागल्या. १२ सप्टेंबर १५६० रोजी निकाल लागला, १६ तारखेला आर्तिगात मार्टिनच्या घरासमोर आर्नोला फाशी दिले. कोरासने १५६१ मध्ये या खटल्यावर पुस्तक छापले आणि ते युरोपभर वाचले गेले. निबंधकार मोंतेनने या खटल्याचा उल्लेख करून लिहिले, की एवढ्या अंधुक प्रकरणात माणसाला फाशी देण्यापेक्षा न्यायालयाने आम्हाला यातले काही कळत नाही असे म्हणायला हवे होते.

बर्त्रांदचे काय? मला या सगळ्या प्रकरणात खरा प्रश्न तोच वाटतो. खटला तिच्या नावाने दाखल झाला होता, पण तो तिच्याकडून चुलत्याने दाखल करून घेतला होता. हा माझा नवरा नाही अशी शपथ घे, मी मरायला तयार आहे, असे आर्नो न्यायालयात म्हणाला, तेव्हा तिने शपथ घेतली नाही. तोच आहे असेही म्हणाली नाही. त्या गप्प राहण्यामागचा हिशेब बघा. तोतया ठरला तर ती इतकी वर्षे परपुरुषाबरोबर राहिली असे होते आणि तिच्यावरही खटला होऊ शकतो. तोतया ठरला नाही तर तक्रार खोटी म्हणून तीच अडकते. शिवाय त्या काळच्या धर्मकायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मृत्यूचा पक्का पुरावा असल्याशिवाय, कितीही वर्षे उलटली तरी, तिला दुसरे लग्न करता येत नव्हते. ना सवाष्ण, ना विधवा, अशी ती आठ वर्षे होती. खरा मार्टिन परत आला तेव्हा त्याने तिला जवळ घेतले नाही. बहिणी, चुलते फसू शकतात, बायको कशी फसेल, सगळा दोष हिचाच, असे तो म्हणाला.

नातली झेमन डेव्हिस या अमेरिकन इतिहासकार या विषयावरच्या पहिल्या चित्रपटाच्या सल्लागार होत्या. ‘मार्टिन गेरचे पुनरागमन’ हा दानिएल विन्यचा फ्रेंच चित्रपट १९८२ चा. जेरार देपार्द्यू त्यात तोतया झाला आहे, नातली बाय बर्त्रांद, आणि पटकथेत विन्यच्या जोडीला जाँ-क्लोद कारिएर. हा तोच कारिएर, ज्याने पीटर ब्रूकसाठी महाभारत रंगभूमीवर आणण्याचे लेखन केले. चित्रपटात न मावणाऱ्या शंका डेव्हिसबाईंना गप्प बसू देईनात, म्हणून त्यांनी पुढच्याच वर्षी त्याच नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे, बर्त्रांदला पहिल्यापासून, निदान लवकरच, कळलेले होते, आणि तिने जाणूनबुजून या माणसाबरोबर संसार मांडला. १९८८ मध्ये रॉबर्ट फिनले या इतिहासकाराने त्यावर कडक टीका केली: कागदपत्रे तिला फसवली गेलेली बाई म्हणतात, तुम्ही तुमच्या काळातली स्वतंत्र स्त्री तिच्यावर लादता आहात. पुराव्यापुरते बोलायचे तर फिनले यांची बाजू भक्कम आहे. पण कागद लिहिणारे सगळे पुरुष होते, आणि बर्त्रांदला वाचवायचे तर ती भोळी होती असे लिहिण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, हेही तितकेच खरे. मला डेव्हिसबाईंचे म्हणणे पटते.

आता ‘सॉमर्सबी’कडे. सोळाव्या शतकातले प्रकरण एकोणिसाव्या शतकात नेणे सोपे नव्हते, कारण मधल्या काळात फोटो आले होते, टपाल आले होते, लोक लिहू-वाचू लागले होते. तरीही यादवी युद्धाचा काळ निवडला हे बरोबरच झाले. या युद्धातल्या मृतांचा आकडा पूर्वी सुमारे ६ लाख २० हजार धरत, २०११ मधल्या एका अभ्यासाने तो साडेसात लाखांच्या आसपास नेला. आकड्यांत एवढा फरक पडतो याचे कारण, मेले किती हे कुणी नीट मोजलेच नव्हते. सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी नसे. अमेरिकी सैन्यात ती सक्तीने आली विसाव्या शतकात. १८६४ मध्ये कोल्ड हार्बरच्या हल्ल्याआधी सैनिक नाव-पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या आपल्या कोटांच्या पाठीवर टाचत होते, अशी आठवण जनरल ग्रँटच्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. युद्धानंतर क्लारा बार्टन या परिचारिकेने बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी कचेरी चालवली. तिच्याकडे ६३ हजारांवर पत्रे आली आणि सुमारे २२ हजार जणांचा छडा लागला. उरलेल्या घरांत काय झाले असेल? दक्षिणेकडच्या सैनिकांचे तर सरकारच हरून नाहीसे झाले होते, दप्तर कुणाकडे मागायचे? लॉरेलसारख्या हजारो बायका दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. अशा वेळी कुणी तोतया येणे अजिबात अशक्य नव्हते. व्हाइन हिलचा जॅक तर युद्धकैदेत खऱ्या जॅकबरोबर एकाच कोठडीत राहिलेला होता. बरोबरचा माणूस दिवसरात्र आपले घर, बायको, शेत यांच्याबद्दल बोलतो आहे, आणि तुमच्यापाशी ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नाही. मार्टिनची माहिती आर्नोला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, इथे ती आपसूक मिळते.

या चित्रपटाने मूळ गोष्टीत एक बदल केला तो मात्र खरोखर अव्वल आहे. आर्तिगातला तोतया जमीन विकून पैसे करायला निघाला होता. व्हाइन हिलचा तोतया आपली जमीन गावाला वाटून देतो. युद्धाने गाव भिकेला लागले आहे, दक्षिणेचे चलन रद्दी झाले आहे. तो सगळ्यांना एकत्र बोलावून सांगतो, माझ्या शेतात तंबाखू लावा, पिकाचा वाटा द्या आणि पुढे वाजवी भावाने आपापला तुकडा विकत घ्या. बियाण्यासाठी लोक घरातल्या चिजा आणून देतात. नुकते गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीयही या व्यवहारात बरोबरीने आहेत, आणि त्याने गोऱ्यांपैकी काहींचे पित्त खवळते. कू क्लक्स क्लॅन ही टोळी जन्मली तीच टेनेसीतल्या पुलास्की गावात, युद्धानंतर लगेच. ती दहशत चित्रपटात येते.

मग खटला उभा राहतो. जॅक सॉमर्सबीने पूर्वी केलेल्या एका खुनाचा. आणि इथे सगळा डाव उलटा होतो. आर्तिगात ‘हाच माझा नवरा’ एवढे बायको ठामपणे म्हणाली असती तर कदाचित तो वाचला असता. नॅशव्हिलच्या न्यायालयात ‘हा माझा नवरा नाही’ असे सिद्ध झाले तर तो वाचणार आहे. लॉरेल त्याला तोतया ठरवण्यासाठी जीव तोडून भांडते, कारण तिचे त्याच्यावर प्रेम आहे. आणि तो मात्र हट्टाने सांगतो, मी जॅकच. तो जॅक नसेल तर त्याने केलेली सगळी खरेदीखते रद्द. उद्या सात-बाऱ्यावर नाव लावणाऱ्याचाच खरेपणा खोटा निघाला तर त्याच्याकडून जमीन घेतलेल्या गरिबाचे जे होईल, ते त्या गावाचे होणार. बायकोची अब्रू आणि त्यांच्या लहान मुलीचे औरसपण हेही त्याच नावावर टांगलेले. तो दुसऱ्याचे नाव घेऊन आला, आणि त्या नावाने दिलेला शब्द पाळायचा तर त्याच नावाने फाशी जाणे भाग आहे. प्रेमकथेच्या आत चित्रपटकारांनी मालमत्तेचा इतका नेमका प्रश्न ठेवला, याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी.

बाकी काही ठिकाणी चित्रपट सैल आहे. खटला चालवणारे न्यायाधीश कृष्णवर्णीय आहेत. जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजाने तो प्रवेश भारून जातो, पण १८६० च्या दशकातल्या टेनेसीसाठी ही इतिहासापेक्षा इच्छाच जास्त आहे. जोनाथन जॅस्पर राइट हे दक्षिण कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयावर गेले ते १८७० मध्ये, आणि तीही त्या काळातली विलक्षण घटना होती. मुलीच्या औरसपणाची गोष्ट तर आणखी लक्षात घेण्याजोगी. चित्रपट गृहीत धरतो की बाप तोतया ठरला की मुलगी अनौरस. तुलूजच्या न्यायाधीशांनी १५६० मध्येच याच्या उलट ठरवले होते: आईने त्याला नवरा समजून संसार केला, म्हणून मुलगी औरस. आर्नोची मालमत्ताही तिला मिळाली. सोळाव्या शतकातले ते न्यायालय फाशीच्या बाबतीत कठोर होते, पण लेकराच्या बाबतीत पटकथाकारांपेक्षा उदार निघाले.

आणि लॉरेल? ती बर्त्रांदपेक्षा जास्त बोलते, पण तिला भ्यायचे कारण कमी दिले आहे. जुना नवरा वाईट, नवा चांगला, असे इतके स्वच्छ वाटप केल्यावर तिने कुणाला निवडावे हा प्रश्नच उरत नाही. फ्रेंच चित्रपटातली बर्त्रांद नुसती उभी राहते आणि आपल्याला तिच्या मनाचा ठाव लागत नाही. त्या बाबतीत जुना चित्रपट सरस, हे माझे मत.

याच प्रश्नाची दुसरी बाजू बाल्झाकने ‘कर्नल शाबेर’ या कादंबरिकेत मांडली आहे. १८०७ च्या आयलाऊच्या लढाईत मेला म्हणून नोंद झालेला कर्नल जिवंत परततो, पण बायकोने दुसरे लग्न केले आहे, मालमत्ता तिच्याकडे आहे आणि ती त्याला ओळखच देत नाही. तोतयाला घर मिळते, खऱ्याला मिळत नाही. १९९४ च्या चित्रपटात शाबेर झाला आहे पुन्हा देपार्द्यूच. बारा वर्षांच्या अंतराने एकाच नटाने दोन्ही बाजू उभ्या केल्या, हा योग दुर्मीळच.

मराठी वाचकाला हे सगळे वाचताना पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही. १४ जानेवारी १७६१ नंतर कोण मेले आणि कोण परागंदा झाले, याचा कितीतरी दिवस पत्ता नव्हता. सदाशिवरावभाऊंचे म्हणून जे धड सापडले त्याला शिर नव्हते. तेवढ्या फटीतून तोतया शिरला. हा बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या काळातच त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला होता, पण १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला आणि कोकणात फौज जमवून पुण्यावर चालून येण्याच्या बेतात आला. महादजी शिंद्यांच्या फौजेपुढे तो पळाला, आंग्र्यांनी त्याला धरला आणि पुण्यात चौकशी होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहांत शिक्षा झाली. आर्तिगात प्रश्न काही शेतांचा होता, इथे दौलतीचा. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले ते १९१३ मध्ये.

पण भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई? त्या स्वतः पानिपतावर होत्या, त्यातून जिवंत परतल्या, आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. बावीस वर्षे. त्यांतली कित्येक वर्षे ‘भाऊ’ म्हणवणारा एक माणूस पेशव्यांच्या किल्ल्यांत कैदेत होता. आजचा कायदा अशा बाईला निदान एक वाट देतो. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, असा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात त्याच मुदतीवर घटस्फोट मागता येतो. पार्वतीबाईंना यांतले काही नव्हते, आणि असते तरी त्यांनी ते मागितले असते असे वाटत नाही.

‘सॉमर्सबी’ जरूर बघा, पण आधी फ्रेंच चित्रपट बघा, म्हणजे कुठे काय बदलले ते नजरेत भरेल. आणि आपल्याकडच्या लेखक-दिग्दर्शकांना एक विनंती: तोतयाचे बंड रंगभूमीवर येऊन शंभरावर वर्षे झाली, आता हीच गोष्ट पार्वतीबाईंच्या बाजूने मोठ्या पडद्यावर यायला हवी.